भिंतीकडे पाहिले, पण कर्त्याकडे पाहिले काय?

शास्त्रपाठ : यशया २२:८-११, २ राजे १८:१३ ते २०:२१, योहान ९:१-२५



आपल्यापैकी ज्यांची मुले शिक्षणासाठी शहरात राहतात, त्यांच्या घरी सुट्टीच्या दिवसांत एक प्रश्न बहुधा येतो. संध्याकाळची प्रार्थना आटोपते, शास्त्र मिटून ठेवले जाते, आणि मुलगा विचारतो, "बाबा, हे राजे खरोखर होऊन गेले काय? की कोणी रचलेल्या ह्या कथा आहेत?" बाप उत्तर देऊ लागतो, पण त्याची जीभ अडखळते. कोणी रागावून म्हणतो, "असे विचारणेच पाप आहे." कोणी कोठे तरी ऐकलेले सांगतो की, शास्त्रातील प्रत्येक गोष्ट आता जमिनीतून उकरून खरी ठरली आहे. पहिल्या उत्तराने मुलाचे तोंड बंद होते, मनातील शंका बंद होत नाही. दुसरे उत्तर तर खरेच नाही. आणि ते खरे नाही असे ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवशी तो बापाच्या चुकीबरोबर बापाचा विश्वासही टाकून देईल, अशी भीती आहे.

यास्तव आज आपण एका राजाचा वृत्तांत घेऊ, आणि त्याविषयी जमिनीने काय सांगितले व काय सांगितले नाही, हे शांत चित्ताने पाहू. तो राजा म्हणजे यहूदाचा हिज्कीया.

काळ मोठा बिकट होता. अश्शूरच्या राजांनी उत्तरेकडील इस्राएलाचे राज्य सुमारे वीस वर्षांपूर्वी बुडविले होते. शोमरोन पडले होते आणि तेथील लोक दूर देशी नेले गेले होते. हिज्कीयाने अश्शूरचे जू मानेवरून फेकून दिले. मग इ. स. पूर्वी ७०१ साली सन्हेरीब राजा मोठे सैन्य घेऊन यहूदावर चालून आला. यरुशलेमेस जिवंत पाण्याचा झरा एकच, गीहोन. आणि तो तटाबाहेरील उतारावर. वेढा पडला तर शत्रू पाणी पिणार आणि नगर तहानेने मरणार. तेव्हा हिज्कीयाने तळे व पाट करून पाणी नगरात आणले, असे २ राजे २०:२० येथे लिहिले आहे. आणि वरचा झरा बंद करून पाणी पश्चिमेच्या बाजूस खाली नेले, असे २ इतिहास ३२:३० सांगते. शास्त्राने हे एवढ्या थोडक्या शब्दांत सांगितले आहे की, वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

आता तो पाट पाहा. इ. स. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन नावाचे अमेरिकन पंडित व एलाय स्मिथ नावाचे मिशनरी ह्या दोघांनी यरुशलेमेच्या डोंगराखालील भुयारात शिरून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले. (ज्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने ह्या स्मिथ साहेबांस सिरिया देशी पाठविले होते.) कोठे उभे राहून, कोठे गुडघ्यांवर, तर कोठे पालथे पडून त्यांनी वाट काढली. भुयाराची लांबी सुमारे १,७५० फूट भरते. गीहोनापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंतचे सरळ अंतर ह्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी आहे. पण भुयार नागासारखे वळणे घेत जाते. एवढ्या लांबीत त्याचा उतार केवळ एक फुटाच्या आसपास आहे, तरी पाणी आजही वाहते.

ह्या दोघा विद्वानांच्या दृष्टीस जे पडले नाही, ते १८८० साली एका शाळकरी मुलाच्या दृष्टीस पडले. शिलोहाच्या तोंडापासून थोडे आत, पाण्यातून चालताना तो घसरला, आणि त्याला भिंतीवर कोरलेली अक्षरे दिसली. त्याने आपल्या गुरुजींस, म्हणजे कॉनराड शिक ह्या जर्मन गृहस्थांस, ते सांगितले. प्राचीन इब्री लिपीतील त्या सहा ओळी आहेत. काही वर्षांनी कोणी तो लेख खडकातून फोडून काढला. त्यात त्याचे तुकडे झाले. पुढे ते हस्तगत होऊन तो इस्तंबूलच्या संग्रहालयात ठेवण्यात आला.

त्या सहा ओळींत काय आहे? दोन टोळ्या डोंगराच्या दोन बाजूंनी एकमेकींच्या दिशेने खोदत होत्या. मध्ये तीन हात खडक उरला असता एका बाजूच्या माणसाची हाक दुसऱ्या बाजूस ऐकू आली. मग कुदळीसमोर कुदळ चालली, खडक फुटला, आणि पाणी झऱ्यापासून तळ्याकडे १,२०० हात वाहत गेले. खोदणाऱ्यांच्या डोक्यावर खडकाची जाडी १०० हात होती. आपल्या गावी ज्यांनी काळ्या कातळात विहीर खोदली आहे, त्यांना ह्या ओळींचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. सुरुंगाची दारू नाही. हाती टिकाव, आणि उजेडास तेलाचा दिवा. पलीकडून भावाची हाक ऐकू आली तेव्हा त्यांच्या जिवास काय वाटले असेल! म्हणूनच त्यांनी ते कोरून ठेवले.

पण नीट लक्ष द्या. लेखाचा जेवढा भाग वाचता येतो, त्यात हिज्कीयाचे नाव नाही. मग हे भुयार त्याच्याच काळचे, हे कशावरून? अक्षरांच्या वळणावरून पंडितांनी तो काळ ठरविला होता. नंतर भुयाराच्या गिलाव्यात सापडलेले वनस्पतींचे अवशेष व छतावरून लोंबणारे चुन्याचे थर शास्त्रीय रीतीने तपासण्यात आले, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निकाल इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास येतो. काही संशोधक काळ थोडा मागे ओढतात. पण बहुतेकांचे मत हिज्कीयाच्याच काळाकडे झुकते. त्याच राजाच्या मोहोरेचा नखाएवढा मातीचा ठसा यरुशलेमेतील उत्खननात २००९ साली निघाला, आणि २०१५ साली त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. तो यहूदाचा राजा, आहाजाचा पुत्र हिज्कीया ह्याचा आहे, असे त्यावर लिहिले आहे. तेव्हा मुलाने विचारले की, हा राजा झाला काय, तर निःशंकपणे सांगा : झाला.

दुसरी साक्ष शत्रूच्या घरची आहे. निनवे नगराच्या ढिगाऱ्यात १८३० साली सहा बाजूंचा एक भाजलेल्या मातीचा स्तंभ सापडला. तो कर्नल टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आला व पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तो सापडला तेव्हा त्यावरील कीलाकृती लिपी कोणास वाचता येत नव्हती. पुढे ती उलगडली, आणि पाहतात तो काय! सन्हेरीब स्वतः बोलत होता. हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरे आपण घेतली, २,००,१५० लोक बाहेर काढले, हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे यरुशलेमेत कोंडले, आणि त्याजकडून ३० किक्कार सोने व ८०० किक्कार रुपे घेतले, अशी फुशारकी तो मारतो.

आता २ राजे १८:१३-१६ उघडून ताडून पाहा. सन्हेरीबाने यहूदाची तटबंदीची नगरे घेतली, हे तेथे आहे. तीस किक्कार सोने घेतले, हेही तेथे आहे. रुप्याचा आकडा मात्र तेथे तीनशे आहे, आठशे नव्हे. ह्या फरकाची कारणे विद्वान निरनिराळी देतात. आपण फरक लपवू नये. आणि त्या स्तंभावर जे नाही, तेही पाहा : यरुशलेम आपण घेतले, असे सन्हेरीब कोठेच म्हणत नाही. ज्याने इतकी नगरे घेतल्याची बढाई मारली, तो राजधानीपाशी येऊन गप्प होतो.

त्याने आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर चित्र कोरविले तेही यरुशलेमेचे नव्हे, लाखीशाचे. हा राजवाडा ऑस्टिन हेन्री लेयार्ड ह्यांनी १८४७ साली शोधून काढला, आणि ते शिलापट लंडनच्या त्याच संग्रहालयात आहेत. ते चित्र पाहून मन हेलावते. तटाला लागून माती-दगडांची चढण रचली आहे, तीवरून भिंत फोडण्याची यंत्रे वर चालली आहेत, तटावरून लोक जळते पलिते फेकीत आहेत. खाली काही बंदिवानांस शूळावर चढविले आहे. बाया व लेकरे बैलगाडीवर बोचकी लादून परमुलखास निघाली आहेत. आणि सन्हेरीब सिंहासनावर बसून लूट पाहत आहे. लाखीशाच्या टेकडीवर १९३२ ते १९३८ पर्यंत व पुन्हा १९७३ पासून उत्खनन झाले, तेव्हा ती चढण, शेकडो बाणांची टोके, गोफणीचे गोटे व जळक्या घरांची राख निघाली. शास्त्रात लाखीशाचा उल्लेख ओझरता येतो. पण त्या एका शब्दामागे एवढे रडणे दडलेले होते.

येथे दोन लेखकांची तुलना करा. सन्हेरीबाचा लेखक आपल्या राजाचा विजय तेवढा लिहितो. शास्त्राचा लेखक काय लिहितो? हिज्कीया हा दाविदाच्या वंशातील उत्तम राजांपैकी एक. तरीही त्याने लाखीशास निरोप पाठवून आपण चुकलो असे कबूल केले, आणि परमेश्वराच्या मंदिराच्या दारांवरील सोने स्वहस्ते काढून शत्रूस दिले, हे त्याने झाकले नाही. पुढे बाबेलच्या वकिलांपुढे आपले भांडार उघडून दाखविण्याचा मूर्खपणा त्याने केला, हेही झाकले नाही. राजाच्या लज्जेची गोष्ट लिहिणाऱ्याला कोणते इनाम मिळणार होते? जो आपल्या माणसाचा दोष लिहितो, त्याच्या शब्दाला वजन येते. माझ्या मते शास्त्राच्या सत्यतेची ही खूण कोणत्याही शिलालेखाहून लहान नाही.

आता जमीन जेथे गप्प आहे, तेथे आपणही सांभाळून बोलावे. परमेश्वराच्या दूताने अश्शूरांच्या छावणीत एका रात्री १,८५,००० मारले, असे शास्त्र सांगते. ह्याची साक्ष कोणत्याही उत्खननात निघालेली नाही. सन्हेरीब परत गेला, यरुशलेम वाचले, एवढे इतिहासास ठाऊक आहे. का वाचले, हे इतिहास सांगत नाही. पुढे सन्हेरीबास त्याच्याच पुत्राने मारले, ह्यास बाबेलच्या इतिवृत्ताचा दुजोरा आहे. पण ते इ. स. पूर्वी ६८१ साली, म्हणजे वीस वर्षांनी झाले. तसेच २ राजे १९:९ येथे तिऱ्हाका ह्यास कूशचा राजा म्हटले आहे, तो गादीवर बसला इ. स. पूर्वी ६९० च्या सुमारास. कोणी म्हणतात, लेखकाने त्यास पुढे मिळालेली पदवी दिली. कोणी दुसरे काही म्हणतात. प्रश्न खुला आहे, तो खुला म्हणूनच मुलापुढे ठेवावा. देवाच्या कैवारासाठी खोटे बोलणाऱ्या मित्रांस ईयोबाने कसे झाडले, ते ईयोब १३:७-१० येथे वाचा.

उतावळेपणाचे फळ काय होते, ह्याचा एक दाखला देतो. जॉन गारस्टँग ह्यांनी १९३० ते १९३६ पर्यंत यरीहो खणले आणि यहोशवाच्या दिवसांत पडलेला तट सापडल्याचे सांगितले. विश्वासणाऱ्यांस आनंद होणे साहजिकच होते. नंतर कॅथलीन केन्यन बाईंनी १९५२ ते १९५८ ह्या वर्षांत तीच टेकडी अधिक काळजीने खणली, आणि तो तट त्याहून सुमारे हजार वर्षांनी जुना ठरला. जे गारस्टँगच्या भिंतीवर विश्वास टेकून उभे होते, त्यांच्या पायाखालून भिंत निसटली. जे देवावर टेकून होते, त्यांना एका पुस्तकातील एक पान बदलावे लागले, इतकेच.

आणि आता आपल्या मूळ वचनाकडे या. यशयाच्या २२ व्या अध्यायात संदेष्टा ह्याच संकटातील यरुशलेमकरांशी बोलत आहे, असे बहुतेक टीकाकार समजतात. तुम्ही शस्त्रागाराकडे पाहिले, तळ्याचे पाणी साठविले, घरे मोजून त्यांतली काही पाडली व तट बळकट केला, असे तो त्यांस सांगतो. नाहमान अविगाद ह्यांनी १९६९ साली यरुशलेमेच्या जुन्या नगरात उत्खनन आरंभिले, त्यात सुमारे २३ फूट जाडीचा एक तट निघाला. तो बहुधा हिज्कीयाच्याच काळचा आहे. आणि तो लोकांची राहती घरे मोडून त्यांच्याच जागेवरून नेलेला आहे! संदेष्ट्याने जे डोळ्यांनी पाहिले, त्याचे दगड आज कोणीही जाऊन पाहावे. हीच वचने मृत समुद्राजवळच्या गुहेत १९४७ साली सापडलेल्या यशयाच्या चामड्याच्या गुंडाळीतही आहेत. ती गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या संपूर्ण इब्री प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी आहे. अक्षरांचे व शब्दांचे बारीकसारीक फरक तीत पुष्कळ आहेत. पण संदेष्ट्याचा आवाज तोच आहे.

पण बंधूंनो, संदेष्टा त्या तटाची स्तुती करीत नाही. तो दोष लावतो! तुम्ही हे सर्व पाहिले, परंतु ज्याने हे पूर्वीच योजिले त्याच्याकडे पाहिले नाही, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. तट बांधणे पाप नव्हते. भुयार खोदणे तर शहाणपणाचे होते. पण तटाकडे पाहता पाहता त्यांची दृष्टी तेथेच अडकली.

तोच दोष आपल्यास लागू नये. आज आपण तीच भिंत, तेच भुयार, तीच मोहोर पाहतो आणि म्हणतो, "आता माझा विश्वास पक्का झाला." अरे, कुदळीने पक्का झालेला विश्वास उद्या दुसऱ्या कुदळीने डळमळेल. कुदळ हिज्कीयाचे भुयार दाखवील. पण शत्रूचे पत्र घेऊन तो मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरून त्याने प्रार्थना केली, ती प्रार्थना कोणती कुदळ उकरून काढील? ती जागा तुम्हांस आपल्या घरीच शोधावी लागेल. सावकाराची चिठ्ठी असो, कोर्टाचे समन्स असो, आजारी लेकराच्या डॉक्टरचा कागद असो, तो देवापुढे पसरून जो गुडघे टेकतो, त्याला हिज्कीया खरा होता की नाही, हे निराळ्या रीतीने कळते.

मग मुलास काय सांगावे? तीन गोष्टी सांगा. हे राजे खरोखर झाले, हे युद्ध झाले, आणि ह्याची साक्ष दगडांनी व शत्रूंनीही दिली आहे. काही गोष्टींविषयी जमीन गप्प आहे, आणि काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. त्यांचा अभ्यास कर, भिऊ नकोस. आणि तिसरी, माझा भरवसा भिंतीवर नाही, जिवंत देवावर आहे. त्याने माझ्या आयुष्यात काय केले ते बैस, मी तुला सांगतो. ही तिसरी गोष्ट सांगण्याजोगी आपल्यापाशी असली, तर पहिल्या दोन सांगताना आपली जीभ अडखळणार नाही. नसली, तर आधी आपणच गुडघे टेकावे.

हिज्कीयाच्या भुयाराचे पाणी ज्या शिलोहाच्या तळ्यास मिळत असे, तेथे सात शतकांनंतर प्रभू येशूने एका जन्मांधास धुण्यास पाठविले. प्रभूच्या काळच्या त्या तळ्याच्या दगडी पायऱ्या २००४ साली उघड्या झाल्या. त्या पायऱ्यांवरून पुष्कळ लोक उतरले असतील. पण तो आंधळा आज्ञा मानून उतरला आणि डोळस होऊन आला. पुढे विद्वानांनी त्याला घेरून खोदखोदून विचारले, तेव्हा जे ठाऊक नव्हते त्याविषयी त्याने बढाई मारली नाही, आणि जे ठाऊक होते त्यापासून तो केसभर हटला नाही. आपण आंधळे होतो व आता पाहतो, एवढीच त्याची साक्ष होती. आणि त्या साक्षीपुढे कोणाचे काही चालले नाही.

प्रभू आम्हां सर्वांस अशी खरी साक्ष देण्याची कृपा देवो. आमेन.